सरकणारी हनुवटी आणि टाळूची शिवण

बार्शीच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात :

‘माझी मुलगी आठ वर्षांची असून तिसरीत शिकते. शाळेतील दंततपासणीत तिचा वरचा जबडा अरुंद असल्याचे सांगण्यात आले. उजवीकडच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात आणि तोंड मिटताना तिची हनुवटी किंचित उजवीकडे जाते, हे आता मलाही फोटोंमध्ये दिसू लागले आहे. सोलापूरच्या एका डॉक्टरांनी टाळूला स्क्रूचे उपकरण बसवून जबडा दोन्ही बाजूंनी रुंद करावा आणि हे आत्ताच करावे, नंतर काही होणार नाही, असे सांगितले. दोष उजव्या बाजूला असताना दोन्ही बाजू कशासाठी, हे मला कळले नाही. दुसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे, मुलगी बारा वर्षांची होऊ द्या, सगळे दात आले की एकदाच तारा लावू. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडले की सगळे आपोआप जागेवर येते. नणंदेच्या मुलाचे वरचे दात पुढे होते; त्याला पुण्यात आठव्या वर्षी उपकरण लावले आणि तेराव्या वर्षी पुन्हा तारा लावाव्याच लागल्या. मुलगी तोंड उघडे ठेवून झोपते. जबडा रुंद झाला की श्वास मोकळा होतो आणि अभ्यासातही फरक पडतो, असे पहिल्या दवाखान्यात सांगण्यात आले. डिसेंबरमध्ये शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला कविता म्हणायची आहे. आम्ही काय करावे?’

सप्रेम नमस्कार.

आपल्याला भेटलेल्या दोन डॉक्टरांपैकी एक बरोबर आणि एक चूक, असे समजून आपण गोंधळला आहात. प्रत्यक्षात दोघांचेही म्हणणे वेगवेगळ्या मुलांच्या बाबतीत बरोबर आहे आणि प्रश्न एवढाच आहे, की आपली मुलगी त्यांपैकी कोणत्या गटात बसते. मुलीला न तपासता मी निदान करू शकत नाही, परंतु आपण लिहिलेली लक्षणे प्रत्यक्ष तपासणीत खरी ठरली, तर उपचार आत्ता करावा, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी पहिल्या दवाखान्याने दिलेल्या कारणांपैकी निम्मी कारणे मला मान्य नाहीत, आणि त्यातले सर्वांत मोठे कारण, म्हणजे ‘आत्ता नाही तर कधीच नाही’, हे तर मुळीच मान्य नाही.

सासूबाईंपासून सुरुवात करतो, कारण या विषयाची किल्ली त्यांच्या अनुभवात आहे. तान्ह्या बाळाची टाळू भरताना, म्हणजे डोक्यावरच्या त्या मऊ जागी तेल जिरवताना, त्यांनी ती जागा हळूहळू घट्ट होत गेलेली हाताने अनुभवली असेल. कवटीची हाडे जन्मतः एकमेकांना सांधलेली नसतात. ती पुढे जुळत जातात आणि डोक्यावरची टाळू साधारण दीड वर्षाच्या सुमारास भरून येते. तोंडातल्या छपरालाही आपण टाळूच म्हणतो, आणि तेथेही तसाच प्रकार आहे. वरचा जबडा हे एक हाड नसून उजवे आणि डावे अशी दोन हाडे आहेत व ती टाळूच्या मधोमध, पटाशीच्या दोन दातांच्या फटीपासून सरळ मागे जाणाऱ्या एका शिवणीने जोडलेली असतात. फरक एवढाच, की ही शिवण डोक्यावरच्या टाळूप्रमाणे दीड वर्षात मिटत नाही. लहानपणी ती बरीचशी सरळ आणि सैल असते. वय वाढते तशी तिच्या दोन्ही काठांना दाते फुटतात, ते एकमेकांत अडकत जातात, आणि वयात येण्याचा काळ सरल्यानंतर पुढे केव्हातरी ती पक्की होते. केव्हा, हे व्यक्तीपरत्वे बदलते.

याच शिवणीत जबडा रुंद करण्याचे सगळे तंत्र आहे. दोन्ही बाजूंच्या दाढांना धरून मधला स्क्रू फिरवला, की शिवण किंचित उघडते, दोन हाडे एकमेकांपासून दूर सरकतात आणि मधल्या जागेत काही महिन्यांत नवे हाड भरते. ही कल्पना काल-परवाची नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे इमर्सन एंजेल नावाच्या दंतवैद्याने १८६० साली एका १४ वर्षांच्या मुलीच्या टाळूला स्क्रू बसवून दोन आठवड्यांत जबडा रुंद केल्याचे प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच्या व्यवसायबंधूंना ते खरे वाटेना. त्याच्याजवळ पुरावा म्हणून दाखवायला होती ती फक्त पटाशीच्या दातांमध्ये पडलेली फट, कारण क्ष-किरणांचा शोध लागायला अजून ३५ वर्षे होती. पुढे हा उपचार बराच काळ मागे पडला आणि १९६१ मध्ये अँड्र्यू हास यांनी आपले काम मांडल्यानंतर तो पुन्हा रूढ झाला. ती फट मात्र आजही तशीच पडते आणि आजही घरचे लोक तिला घाबरतात. तिच्याविषयी पुढे लिहितो.

आता आपल्या मनातली शंका : दोष उजवीकडे असताना दोन्ही बाजू कशासाठी? डब्याचे झाकण डब्यापेक्षा किंचित मोठे असावे लागते, तसा वरचा जबडा खालच्या जबड्याला बाहेरून वेढून बसला पाहिजे. समजा, झाकण दोन्ही बाजूंनी थोडे लहान आहे. ते डब्यावर बरोबर मध्ये ठेवले, तर दोन्हीकडे कडेवर कड येते आणि ते बसत नाही. म्हणून आपण ते एका बाजूला सरकवतो. दातांचेही तसेच होते. वरचा जबडा दोन्हीकडून सारखाच अरुंद असेल, तर मूल सरळ चावल्यावर दाढांची टोके टोकांवर आदळतात, तो चावा अस्वस्थ वाटतो, आणि मूल नकळत खालचा जबडा एका बाजूला सरकवून चावायला शिकते. ज्या बाजूला जबडा सरकतो, त्या बाजूच्या दाढा उलट्या बसलेल्या दिसतात आणि दुसरी बाजू अगदी ठीक दिसते. लहान मुलांत एका बाजूला उलटा चावा दिसतो, तेव्हा बहुतेक वेळा मूळ कारण हेच असते. म्हणूनच फक्त उजवी बाजू बाहेर ढकलण्याने काम भागत नाही.

हे आपल्या मुलीच्या बाबतीत खरे आहे का, याची प्राथमिक कल्पना आपल्याला घरीच येऊ शकेल. तिला उजेडात आपल्यासमोर बसवा आणि तोंड पूर्ण उघडायला सांगा. वरच्या पटाशीच्या दोन दातांमधली रेघ आणि खालच्या दोन दातांमधली रेघ एकमेकींच्या समोर आहेत का, ते पाहा. मग जिभेचे टोक टाळूला मागे लावून तिला अगदी सावकाश तोंड मिटू द्या आणि पहिला दात कोठे टेकतो ते पाहा. तेथून पुढे दाढा पूर्ण मिटेपर्यंत हनुवटी बाजूला सरकते का, ते पाहा. उघड्या तोंडात रेघा समोरासमोर आणि मिटल्यावर खालची रेघ उजवीकडे, असे दिसले तर जबडा सरकतो आहे. तोंड उघडे असतानाही हनुवटी तितकीच उजवीकडे असेल, तर प्रकरण निराळे आहे आणि त्याचा तपास अधिक काळजीने करावा लागेल. दोन-तीनदा करून पाहा, कारण आई निरखून बघते आहे म्हटल्यावर मुले मुद्दाम वाकडेतिकडे चावतात.

या सरकण्याला मी इतके महत्त्व का देतो? आठ वर्षांच्या मुलीचा खालचा जबडा अजून वाढायचा आहे. दिवसातून शेकडो वेळा तो एका बाजूला सरकून मिटत असेल, तर कानासमोरच्या दोन सांध्यांमध्ये त्याची ठेवण सारखी राहत नाही आणि दोन्ही बाजूंचे चावण्याचे स्नायूही सारखे काम करत नाहीत. आज जी केवळ सवय आहे, ती वाढीच्या वर्षांत हाडाच्या आकारात उतरण्याचा धोका असतो. प्रत्येक मुलाचे असे होतेच, असे म्हणणे अतिशयोक्ती होईल. पण एकदा हनुवटी हाडानेच एका बाजूला वाढली, की ती नुसत्या तारांनी मध्ये येत नाही. मला आत्ता उपचार करावा असे वाटते, ते या कारणासाठी.

शिवणीच्या कारणासाठी नव्हे. बाराव्या वर्षीही बहुतेक मुलींची शिवण उघडता येते. पंधरा-सोळानंतर ते बेभरवशाचे होत जाते आणि त्यापुढे हाडात स्क्रू रोवून किंवा शस्त्रक्रियेच्या मदतीने जबडा रुंद करावा लागतो. तेव्हा दार या दिवाळीत बंद होते आहे, अशी घाई करण्याचे काही कारण नाही. दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला मानून आपण थांबलात, तर जबडा रुंद करण्याची संधी जाणार नाही. मधली चार वर्षे जबडा वाकडा मिटत राहील, एवढेच होईल, आणि ‘एवढेच’ हा शब्द मी येथे हलका समजून वापरलेला नाही.

सासूबाईंचे म्हणणे निराधार नाही, हे त्यांना अवश्य सांगा. दुधाच्या दातांतला उलटा चावा काही मुलांत खरोखरच आपोआप सुधारतो, विशेषतः अंगठा चोखण्याची सवय लवकर सुटली तर. चार-पाच वर्षांच्या मुलात जबडा केवळ दुधाच्या सुळ्यांच्या टोकांवर आदळून सरकत असेल, तर ती टोके किंचित घासूनही कित्येकदा काम होते. परंतु आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडात साधारण सहाव्या वर्षी येणारी कायमची पहिली दाढ आलेली असते. दुधाच्या दाढांच्या मागे आलेली ही दाढ पडण्यासाठी आलेली नाही. तीही उलटीच बसली असेल, तर दुधाचे दात पडण्याची वाट पाहून काही हाती लागणार नाही. पुढच्या भेटीत नेमका हाच प्रश्न विचारा : उलट्या बसलेल्या दाढांमध्ये कायमची दाढ आहे का?

आता नणंदेच्या मुलाचे. त्याचे वरचे दात पुढे होते, म्हणजे त्याचा दोष पुढे-मागे होता, रुंदीचा नव्हता. अशा मुलांवर लवकर आणि पुन्हा वयात येताना, असा दोन टप्प्यांचा उपचार करावा की एकदाच उशिरा करावा, यावर अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना व फ्लोरिडा येथे आणि ब्रिटनमध्ये मुलांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी करून रीतसर चाचण्या झाल्या. अखेरच्या निकालात दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. लवकर उपचार केलेल्यांमध्ये पडून-झडून पुढचे दात दुखावण्याचे प्रमाण तेवढे कमी आढळले. ‘बारा वर्षांपर्यंत थांबा’ हा सल्ला अशा अभ्यासांतून आला आहे आणि पुढे आलेल्या दातांच्या बहुतेक मुलांना तो लागू आहे. उलट्या चाव्याला, त्यातही जबडा सरकत असताना, तो जसाच्या तसा लावता येत नाही. स्वीडनमध्ये मिश्र दातांच्या, म्हणजे दुधाचे आणि कायमचे दात एकत्र असण्याच्या, वयातील ६० मुलांवर अशीच चिठ्ठ्यांच्या पद्धतीने झालेली एक चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात उपचार न केलेल्या गटात उलटा चावा आपोआप सुधारला नाही.

तरीही एक गोष्ट आधीच मनाशी धरून चला. आत्ताच्या उपकरणाने चाव्याची रुंदी सुधारेल. पुढे सुळे आणि उपदाढा आल्यावर दात वेडेवाकडे असतील, तर बाराव्या-तेराव्या वर्षी तारा लागू शकतात. ‘आत्ता हे केले की पुढे काही लागणार नाही’, असे कोणी सांगत असेल, तर ते वचन लेखी मागून पाहा; मिळणार नाही. त्याचप्रमाणे, उलटा चावा नसताना केवळ दातांची गर्दी आहे म्हणून आठव्या वर्षी जबडा रुंद करण्याची जी प्रथा अलीकडे वाढली आहे, तिच्या मागचा आधार मला पुरेसा भक्कम वाटत नाही. घरातल्या दुसऱ्या एखाद्या मुलासाठीही ‘जोडीने करून घ्या’ असे उद्या कोणी सुचवले, तर हे ध्यानात असू द्या.

श्वासाचा प्रश्न मी मुद्दाम वेगळा ठेवला आहे. टाळू हे तोंडाचे छत आहे, तशीच ती नाकाची जमीनही आहे. त्यामुळे जबडा रुंद झाला, की नाकाची पोकळीही काही प्रमाणात रुंदावते आणि काही मुलांना नाकाने श्वास घेणे सोपे जाते, हे खरे आहे. पण तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्या मुलाच्या नाकामागे ॲडेनॉइडची गाठ वाढलेली आहे का, टॉन्सिल मोठे आहेत का, सततची सर्दी वा ॲलर्जी आहे का, हे पाहण्याचे काम कान-नाक-घसा तज्ज्ञांचे आहे आणि ते जबड्याला हात लावण्यापूर्वी झाले पाहिजे. मुलगी आठवड्यातल्या बहुतेक रात्री घोरत असेल, झोपेत मध्येच श्वास थांबून दचकल्यासारखी होत असेल, सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागली असेल किंवा दिवसा कारणाशिवाय चिडचिड करत व पेंगत असेल, तर ही भेट पुढे ढकलू नका.

आणि अभ्यासाचे काय? झोपेत श्वास अडखळणाऱ्या ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांवर अमेरिकेत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांचे टॉन्सिल व ॲडेनॉइड काढण्यात आले, निम्म्यांवर सात महिने फक्त लक्ष ठेवण्यात आले. शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची झोप, वागणे आणि एकंदर स्वास्थ्य अधिक सुधारले. मात्र ज्यासाठी ही चाचणी मुख्यतः आखली होती, त्या अवधानाच्या व नियोजनाच्या चाचण्यांत दोन गटांत ठाम फरक आढळला नाही. शिवाय नुसते लक्ष ठेवलेल्या मुलांपैकीही ४६ टक्के मुलांची झोपेची तपासणी सात महिन्यांनी सामान्य आली. श्वासाच्या वाटेतली गाठच काढूनही बुद्धीच्या मोजमापात जर एवढाच फरक पडत असेल, तर टाळूला स्क्रू लावून तिसरीतल्या मुलीचे गुण वाढतील असे सांगणाऱ्या माणसाला मी तरी जबड्यापलीकडचे काही विचारणार नाही. उपचाराचे खरे कारण पुरेसे चांगले असताना त्याला अशी ठिगळे लावून विकण्याची गरज का भासावी, हे मला कळत नाही.

आता प्रत्यक्ष उपकरणाविषयी, कारण पुढचे काही महिने ते आपल्याच घरात राहणार आहे. एक प्रकार काढता-घालता येणाऱ्या प्लेटचा असतो. तो स्वस्त आणि सोपा वाटतो, पण जेवणाचा वेळ सोडून दिवसरात्र तोंडात राहिला तरच काम करतो, आणि शाळेत मधल्या सुट्टीत डब्याशेजारी कागदात गुंडाळून ठेवलेल्या किती प्लेटा त्या कागदासह केराच्या टोपलीत गेल्या, याची गणतीच नाही. वर सांगितलेल्या स्वीडनच्या चाचणीत टाळूवर कायम बसवलेल्या चार वळणांच्या तारेच्या उपकरणाने, ज्याला क्वाड हेलिक्स म्हणतात, सर्व मुलांचा उलटा चावा सुधारला. प्लेट दिलेल्यांपैकी दोन-तृतीयांश मुलांचाच सुधारला. म्हणून आपल्या मुलीसाठी मी चिकटवून बसवलेले उपकरण पसंत करीन. ते क्वाड हेलिक्स असावे की स्क्रूचे, हे डॉक्टरांनी जबड्याची मोजमापे पाहून ठरवावे. पहिल्यात घरी काही फिरवावे लागत नाही; दुसऱ्यात किल्ली आपल्या हातात येते.

किल्ली म्हणजे एक बारीक तार असते. मुलीला मांडीवर डोके ठेवून झोपवावे, तोंडात चांगला उजेड पडेल असे पाहावे, स्क्रूच्या पुढच्या भोकात किल्ली घालून ती घशाच्या दिशेने मागे ढकलावी आणि त्या जागी नवे भोक पूर्ण दिसेपर्यंत थांबू नये. किल्लीच्या मुठीला लांब दोरा बांधून तो मनगटाला गुंडाळून ठेवा, म्हणजे हातातून निसटली तरी ती पोटात जाणार नाही. एका वेळच्या फिरवण्याने बहुतेक स्क्रू पाव मिलिमीटर उघडतात. म्हणजे जबडा ५ मिलिमीटर रुंद करायचा असेल, तर २० वेळा फिरवणे आले. रोज एकदा धरले तर तीन आठवड्यांत हा भाग आटोपतो. या वयात काही डॉक्टर दिवसाआड किंवा आठवड्यातून दोनदाच फिरवायला सांगतात, आणि तेही योग्य आहे. आपल्याला जे वेळापत्रक दिले असेल ते कॅलेंडरवर खुणा करून पाळा. एक दिवस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट फिरवू नका.

फिरवल्यावर पाच-दहा मिनिटे नाकाच्या मुळाशी, गालाच्या हाडांत आणि दाढांत दाबल्यासारखे वाटते, मग ते विरते. सुमारे आठवडाभरात पटाशीच्या दोन दातांमध्ये फट दिसू लागेल. हीच ती एंजेलची फट. शिवण उघडत असल्याची ती खूण आहे आणि स्क्रू थांबवल्यावर हिरडीतील तंतूंच्या ओढीने ती बहुतेक वेळा काही महिन्यांत स्वतःहून मिटत येते. हे सासूबाईंना आणि वर्गशिक्षिकांना आधीच सांगून ठेवलेत, तर मुलीचा ताप वाचेल. याउलट उपकरण एका दाढेवरून सुटून हलू लागले, तर लगेच फिरवणे थांबवून डॉक्टरांना फोन करा, कारण सैल उपकरण फिरवत राहिले, की जोर हव्या त्या जागी जात नाही.

फिरवणे संपले म्हणजे उपचार संपला, असा समज सर्रास आढळतो आणि त्यापायीच बरेच काम वाया जाते. तोपर्यंत हाडांमधली जागा फक्त उघडलेली असते. ती भरून पक्की व्हायला वेळ लागतो. म्हणून स्क्रू बंद करून तेच उपकरण साधारण सहा महिने तोंडात राहू द्यावे लागते. या काळात दुखत नाही, काही हलताना दिसत नाही, फट मिटलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी मूल ‘आता काढा ना’ म्हणून मागे लागते. काढू नका.

जेवणाचे म्हणाल, तर पहिले दोन-चार दिवस मऊ भात, खिचडी, लापशी, दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकरी असे द्या. पुढे नेहमीचे जेवण चालते. फक्त चिक्की, ऊस, कणीस, कडक लाडू आणि चिकट गोळ्या सहा-आठ महिने बाजूला ठेवा. शेंगदाण्याची चटणी आपल्या भागात पानातून वगळणे शक्य नाही, हे मी जाणतो, पण तिचे कण उपकरण आणि टाळू यांच्यामध्ये जाऊन बसतात. प्रत्येक जेवणानंतर खळखळून चूळ भरायला लावा आणि रात्री सुई नसलेल्या इंजेक्शनच्या पिचकारीने पाणी मारून ती जागा धुवा. दाढांभोवतीच्या कड्यांपाशी ब्रश नीट फिरला नाही, तर चावा सुधारेल आणि दाढ किडेल.

तपासण्यांच्या बाबतीत एक सूचना. सर्व दातांचा एक एक्स-रे, दातांचे साचे आणि फोटो एवढ्यावर अशा मुलीचे निदान सहसा होते. आठ वर्षांच्या मुलीचा त्रिमितीय स्कॅन सुचवला गेला, तर त्यातून असे काय कळणार आहे ज्याने उपचार बदलेल, हे नम्रपणे विचारा. वर न आलेला सुळा भलत्या दिशेला असल्याची शंका, असे काही ठोस उत्तर मिळाले तर तो करावा, एरवी नाही. डॉक्टर ऑर्थोडॉन्टिक्स (दात व जबडे जागेवर आणण्याचे शास्त्र) किंवा बालदंतशास्त्र या विषयात एमडीएस, म्हणजे दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी घेतलेले, आहेत ना, हेही पाहावे. खर्च जड जात असेल, तर छत्रपती संभाजीनगर, मुंबई व नागपूर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात हे काम बऱ्याच कमी पैशांत होते. बार्शीहून तेथे वारंवार जाणे सोपे नाही, हे खरे. परंतु किल्ली घरीच फिरवायची असल्याने रोज जावे लागत नाही, आणि प्रवासाचा खर्च धरूनही हिशेब करून पाहण्यासारखा आहे.

राहता राहिली कविता. उपकरण टाळूवर बसल्यावर पहिले काही दिवस लाळ जास्त सुटते आणि बोलणे बोबडे होते. आपल्या भाषेत तर ट, ठ, ड, ढ, ण आणि ळ ही अक्षरे जीभ टाळूकडे वळवल्याशिवाय उमटतच नाहीत, त्यामुळे ‘कमळ’ आणि ‘पाणी’ सुरुवातीला ऐकण्यासारखे असतात. मोठ्याने वाचन करणाऱ्या मुलांची जीभ एक-दोन आठवड्यांत नवी जागा शोधते. आपण दिवाळीच्या सुट्टीच्या सुरुवातीला उपकरण बसवलेत, तर फिरवण्याचे तीन आठवडे बरेचसे घरीच निघून जातील आणि डिसेंबरपर्यंत तिचा ‘ळ’ परत आलेला असेल. त्या वर्षीच्या चकल्या मात्र तिला दुधात बुडवून खाव्या लागतील. ते तिला मान्य नसेल किंवा सगळ्यांसमोर बोलण्याची तिला भीती वाटत असेल, तर स्नेहसंमेलन पार पडू द्या आणि संक्रांत झाली, तिळाच्या वड्या संपल्या, की जानेवारीच्या अखेरीस उपकरण बसवा. जबडा सरकत असला तरी दोन महिन्यांनी काही बिघडत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांची भेट तेवढी या मधल्या काळात उरकून घ्या.